पन्नास वारांवरचा नेम

अमेरिकन फुटबॉलमधल्या क्वार्टरबॅकच्या लांब पल्ल्याच्या फेकीला नेम आहे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता मोजपट्टी लावून सुटावा इतका साधा वाटतो. चेंडू साथीदाराच्या हातात पडला तर नेम आहे आणि जमिनीवर आपटला तर नाही, असा सरळ हिशेब कोणालाही सुचेल. तरीही त्या देशात सप्टेंबरमध्ये हंगाम सुरू झाला की एकच फेक वीस वेळा पाहणारे दोन जाणकार तिच्याबद्दल नेमकी उलटी मते मांडतात आणि दोघांपैकी कोणीही अडाणी नसतो. हा वाद का मिटत नाही, हे समजून घ्यायचे तर आधी त्या फेकीत नेमके काय काय घडते ते पाहावे लागते.

भारतात फुटबॉल म्हणून जो खेळ ओळखला जातो त्याच्याशी या खेळाचे नाते नावापुरतेच आहे, कारण येथे चेंडूला पाय क्वचितच लागतो. मैदान १०० यार्ड लांब, दोन्ही टोकांना एंड झोन नावाचे दहा-दहा यार्डांचे पट्टे आणि रुंदी ५३ यार्डांहून किंचित अधिक. यार्ड म्हणजे मराठी घरांत कापड मोजण्यासाठी वापरला जाणारा वार, नऊवारी लुगड्यातला. अकरा जणांच्या आक्रमक संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते, तसे झाले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, आणि चेंडू प्रतिपक्षाच्या एंड झोनमध्ये पोहोचला की टचडाउन होऊन सहा गुण पदरात पडतात. प्रत्येक डाव एका काल्पनिक आडव्या रेषेपासून सुरू होतो. तिच्यामागे चेंडू हाती घेऊन उभा राहणारा, पुढचा डाव मनात ठेवून समोरचा बचाव वाचणारा आणि अंगावर धावून येणारे सव्वाशे-दीडशे किलोंचे गडी पोहोचण्याआधी, म्हणजे अडीच-तीन सेकंदांत, चेंडू कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा खेळाडू म्हणजे क्वार्टरबॅक. ज्याच्याकडे तो फेकतो त्याला रिसीव्हर म्हणतात. पुढच्या दिशेने चेंडू फेकण्याची ही मुभा खेळात पहिल्यापासून नव्हती, ती १९०६ मध्ये मिळाली; तोवर हा खेळ चेंडू छातीशी धरून घुसण्याचा आणि एकमेकांना चिरडण्याचाच होता.

लांब फेक कोणती, याबद्दल आकडेमोड करणाऱ्यांमध्ये एक संकेत रूढ झाला आहे: सुरुवातीच्या रेषेपासून २० यार्ड किंवा त्याहून पुढे हवेतून गेलेला पास तो लांब पास. यातला ‘हवेतून’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पाच यार्डांवर झेललेला चेंडू घेऊन रिसीव्हर पुढे साठ यार्ड पळाला तरी धावफलकावर पासष्ट यार्डांचा पास म्हणूनच नोंद होते, आणि त्यात क्वार्टरबॅकच्या हाताचा वाटा जेमतेम पाच यार्डांचा असतो. हा भेद न पाळल्यामुळे निम्मे वाद पहिल्याच वाक्यात भरकटतात.

चेंडू स्वतःच थोडा विचित्र आहे. सुमारे २८ सेंटीमीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळता, ३९७ ते ४२५ ग्रॅम वजनाचा हा कातडी चेंडू गोल चेंडूसारखा कसाही फेकून चालत नाही. त्याच्यावरच्या वादीच्या टाक्यांवर बोटे रोवून, सुटताना मनगटातून पीळ देऊन, तो आपल्या लांब आसाभोवती सेकंदाला दहाएक वेळा फिरत जाईल अशी फेक करावी लागते. असा फिरणारा चेंडू हवा कापत जातो, डगमगणारा चेंडू हवेला आपली कूस दाखवतो आणि पल्ला गमावतो. भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांना यातली एक गोष्ट बराच काळ कोड्यात टाकणारी वाटत आली: वेगाने फिरणाऱ्या भोवऱ्याचा आस सहसा आपली दिशा सोडत नाही, मग हातातून सुटताना वर रोखलेले चेंडूचे टोक खाली येताना जमिनीकडे कसे वळते? उत्तर असे की समोरून येणारी हवा त्या टोकाला उलटवू पाहते आणि फिरता चेंडू उलटण्याऐवजी आपला आस उड्डाणाच्या दिशेभोवती हळूहळू घुमवत राहतो, त्यामुळे टोक मार्गाच्या मागोमाग खाली झुकते. याच कारणाने उजव्या हाताची लांब फेक किंचित उजवीकडे आणि डाव्या हाताची किंचित डावीकडे सरकते. डावखुऱ्या क्वार्टरबॅकच्या संघात आलेल्या नव्या रिसीव्हरला चेंडूच्या उलट्या फिरकीची सवय करून घ्यावी लागते, ती उगाच नव्हे.

आता पन्नास वार, म्हणजे जवळजवळ ४६ मीटर, दूर जाणारी एक फेक घ्यावी. हवेचा रोध बाजूला ठेवून साधे गणित केले तर ४० अंशांच्या कोनात ताशी सुमारे ७७ किलोमीटर वेगाने सोडलेला चेंडू तेथे पोहोचायला २.८ सेकंद लागतात. क्रिकेटमध्ये सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे येणारी फेकही अशीच लांब असते, परंतु यष्टिरक्षक जागेवर उभा असतो. येथे रिसीव्हर ताशी तीस-बत्तीस किलोमीटर वेगाने पळत असतो, म्हणजे चेंडू हवेत असताना तो आणखी पंचवीस मीटर पुढे गेलेला असतो. थोडक्यात, क्वार्टरबॅक चेंडू माणसाकडे टाकत नाही, जेथे त्या क्षणी कोणीही नाही अशा गवताच्या तुकड्याकडे टाकतो, आणि तोही रिसीव्हर अजून बचावपटूच्या बरोबरीने पळत असताना. दिशा एका अंशाने चुकली तर चेंडू ऐंशी सेंटीमीटर बाजूला पडतो, जे हात लांबवून सावरता येते. वेग दोन टक्क्यांनी चुकला तर मात्र अंतर चार टक्क्यांनी, म्हणजे पावणेदोन मीटरहून जास्त, बदलते. आणि हातातून सुटायला दहावा हिस्सा सेकंद उशीर झाला तर रिसीव्हर तेवढ्यात नऊ दशांश मीटर पुढे निघून जातो. या तिन्ही चुका डोळ्यांना दिसण्यापलीकडच्या आहेत. गंमत अशी की चेंडू वर किती उचलला यातली चूक ४० अंशांच्या आसपास फारशी भोवत नाही, एका अंशाला जेमतेम फूटभर फरक पडतो. म्हणून उंच, सावकाश उतरणारी फेक ही हाताच्या दुबळेपणाची खूण मानणे चूक ठरते. सिएटलकडून खेळताना रसेल विल्सनने चंद्रापर्यंत जाऊन येते असे कौतुकाने म्हटल्या जाणाऱ्या उंच फेकींवरच नाव कमावले, आणि तो जेमतेम पाच फूट अकरा इंचांचा, नव्या खेळाडूंच्या निवडीच्या तिसऱ्या फेरीत मिळालेला खेळाडू होता. उंच फेकीची किंमत एकच: ती हवेत जास्त वेळ राहते आणि मागचा बचावपटू धावत तेथे पोहोचू शकतो.

हाताची ताकद आणि नेम यांची गल्लत या खेळात अगदी अनुभवी माणसांनीही केली आहे. हंगामापूर्वीच्या निवड प्रक्रियेत, जिला ड्राफ्ट म्हणतात, विद्यापीठातल्या खेळाडूंना संघ क्रमाने उचलतात; २००७ मध्ये ओकलंड रेडर्स संघाने जामार्कस रसेलला पहिल्या क्रमांकावर उचलले ते त्याच्या दंडाकडे बघून. गुडघ्यांवर बसून साठ यार्ड चेंडू फेकणारा गडी अशी त्याची ख्याती होती. तीन हंगामांत त्याचे १८ टचडाउन पास झाले, २३ पास प्रतिपक्षाने मध्येच झेलले, आणि २०१० मध्ये संघाने त्याला मोकळे केले. उलट बाजूला जो मोंटाना आहे, १९७९ च्या निवडीत तिसऱ्या फेरीपर्यंत शिल्लक राहिलेला, ज्याच्या हातात तोफ आहे असे कोणीही म्हटले नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी ठरावीक पावलांवर, ठरावीक क्षणी सुटणाऱ्या आखूड पासांची जी पद्धत बसवली होती तिच्यात त्याने चार वेळा अजिंक्यपद मिळवले.

या दोघांच्या मधला, आणि म्हणूनच अधिक विचार करायला लावणारा, खेळाडू म्हणजे जॉश ॲलन. वायोमिंग विद्यापीठात त्याचे शंभरांत ५६ पास पूर्ण होत. ताकद भयंकर, पण नेम शिकवून येत नाही, असे म्हणणाऱ्यांचे त्या काळी प्राबल्य होते. बफेलो संघाने २०१८ मध्ये त्याला सातव्या क्रमांकावर घेतले, पहिल्या हंगामात त्याचे प्रमाण ५२.८ टक्के राहिले, दुसऱ्यात ५८.८, आणि त्याच्या लांब फेकी वारंवार रिसीव्हरच्या डोक्यावरून पुढे निघून जात. क्रिकेटच्या चाहत्यांना ‘ओव्हरथ्रो’ हा शब्द फुकटच्या धावांमुळे ठाऊक आहे. येथे तो नुसता पश्चात्तापाचा असतो, कारण पुढे गेलेला चेंडू कोणाच्याच कामाचा नसतो. २०२० मध्ये तोच ॲलन ६९.२ टक्क्यांवर पोहोचला. दरम्यान त्याने पावले कशी पडावीत आणि कंबर कधी वळावी यावर मेहनत घेतली होती, हे खरेच. पण त्याच वर्षी स्टेफॉन डिग्ज हा अव्वल रिसीव्हर बफेलोत दाखल झाला, हेही तितकेच खरे. सुधारलेले काय, हात की सोबत? ज्याला जे सिद्ध करायचे असेल त्याला ते या एका उदाहरणातून सिद्ध करता येते.

याहून गुंतागुंतीचा प्रश्न म्हणजे नेमकी फेक कोणती म्हणायची. झेलता येण्याजोगी फेक आणि योग्य जागी पडलेली फेक यांत फरक आहे: रिसीव्हरने वेग न तोडता, धावता धावता, पुढच्या खांद्यावरून चेंडू घेतला तर ती आदर्श फेक, त्याला थबकून, मागे वळून, उडी मारून घ्यावा लागला तर चेंडू आखूड पडला, जरी धावफलकावर दोन्हींची नोंद सारखीच होते. या खेळातली कदाचित सर्वांत प्रसिद्ध लांब फेक आखूड पडलेली होती. २८ डिसेंबर १९७५ रोजी बाद फेरीच्या सामन्यात डॅलस संघ मिनेसोटाविरुद्ध १०-१४ असा मागे होता, घड्याळात अर्धे मिनिट उरले होते, आणि रॉजर स्टॉबाकने पन्नास यार्डांचा पास ड्रू पिअरसनकडे सोडला. चेंडू कमी पडला. पिअरसन थांबला, त्याच्या अंगाला चिकटून पळणारा बचावपटू खाली पडला (पिअरसनने ढकलले, असे मिनेसोटाचे लोक आजही म्हणतात), आणि चेंडू पिअरसनच्या कोपर व कमरेच्या मध्ये अडकला. कॅथलिक असलेल्या स्टॉबाकने सामन्यानंतर सांगितले की डोळे मिटून आपण ‘हेल मेरी’ ही प्रार्थना म्हटली होती, आणि तेव्हापासून अखेरच्या क्षणी देवाच्या हवाली केलेल्या अशा फेकीला तेच नाव रूढ झाले. जानेवारी २०१३ मध्ये डेन्व्हरला बाल्टिमोरच्या जो फ्लॅकोने ३१ सेकंद उरले असताना जाकोबी जोन्सला दिलेला सत्तर यार्डांचा पासही असाच. तो टचडाउन झाला तो सर्वांत मागे राखणीला असलेल्या, ज्याला सेफ्टी म्हणतात त्या, बचावपटूचा अंदाज चुकल्यामुळे. तो सेफ्टी एक पाऊल मागे असता तर हीच फेक अविचारी ठरली असती.

आखूड फेकीला या खेळाच्या नियमांनीच एक आडवाटेचे बक्षीस देऊन ठेवले आहे. चेंडू हवेत असताना बचावपटूने रिसीव्हरला अडवले तर तो नियमभंग ठरतो, आणि व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, त्याचा दंड म्हणून चेंडू थेट नियमभंगाच्या जागी ठेवला जातो, मग ती जागा चाळीस यार्ड पुढे का असेना. विद्यापीठांच्या सामन्यांत हा दंड पंधरा यार्डांपुरताच मर्यादित आहे. चेंडू आखूड आला की रिसीव्हर थबकतो, पाठ चेंडूकडे करून पळत आलेला बचावपटू त्याच्यावर आदळतो, आणि चुकलेल्या फेकीतून अर्धे मैदान पदरात पडते. आकडेवारीत हा पास गणलाच जात नाही, पूर्णही नाही आणि अपूर्णही नाही. काही प्रशिक्षकांना याचा पुरेपूर अंदाज असतो, त्यामुळे एखादी फेक चुकून आखूड पडली की मुद्दाम आखूड टाकली, हे बाहेरून ओळखणे अवघड होऊन बसते.

अलीकडच्या वर्षांत या सगळ्या वादाचे ओझे एका खेळाडूच्या, तुआ टॅगोवायलोआच्या, डाव्या खांद्यावर पडले. ८ जानेवारी २०१८ रोजी अटलांटा येथे विद्यापीठांच्या अजिंक्यपदाचा सामना जादा वेळेत गेला असता अलाबामाचा हा नवखा क्वार्टरबॅक जॉर्जियाच्या बचावाच्या तावडीत सापडून सोळा यार्ड मागे ढकलला गेला, आणि दुसऱ्या प्रयत्नात सव्वीस यार्ड हवे अशी अवस्था झाली. पुढच्या डावात त्याने आधी मैदानाच्या एका बाजूकडे पाहत राहून सेफ्टीला तेथेच खिळवून ठेवले, मग दुसऱ्या कडेने सरळ पळत निघालेल्या डेव्हॉन्टा स्मिथला ४१ यार्डांचा पास दिला, आणि स्मिथने पाऊलही न अडखळता तो एंड झोनमध्ये घेऊन अलाबामाने २६-२३ असा सामना जिंकला. येथे बाकी काही नसले तरी एवढे दिसते की नेमाचा अर्धा भाग नजरेत होता. सेफ्टी अर्ध्या सेकंदाने लवकर वळला असता तर तीच फेक, त्याच जागी, धोक्याची ठरली असती.

२०१९ मध्ये त्याचा खुबा निखळला, २०२० च्या निवडीत मायामीने त्याला पाचवा घेतला, आणि त्याच्या पाठोपाठ सहाव्या क्रमांकावर उंच, धिप्पाड, तोफेसारख्या हाताचा जस्टिन हर्बर्ट लॉस एंजेलिस चार्जर्सकडे गेला, तेव्हापासून दोघांची तुलना थांबलेली नाही. तुआच्या बाजूचे लोक म्हणत की आखूड आणि मधल्या अंतरावर त्याच्याइतका अचूक व वेळेवर चेंडू सोडणारे थोडेच आहेत. विरोधक म्हणत की लांब फेकीत चेंडू तरंगतो आणि रिसीव्हरला वाट पाहावी लागते. २०२२ मध्ये टायरीक हिल हा लीगमधल्या सर्वांत वेगवान खेळाडूंपैकी एक मायामीत आला आणि त्याने जाहीरपणे सांगितले की जुना साथीदार पॅट्रिक महोम्सचा हात अधिक ताकदवान असला तरी नेम तुआचा सरस आहे. त्यावर बरीच टिंगल झाली. त्याच सप्टेंबरमध्ये बाल्टिमोरविरुद्ध १४-३५ अशा पिछाडीवरून मायामीने ४२-३८ असा सामना जिंकला, तुआने सहा टचडाउन पास दिले, त्यांपैकी हिलला दिलेले दोन ४८ आणि ६० यार्डांचे होते. वाद मिटायला हवा होता, पण दोन्ही वेळा हिल बचावपटूंच्या बराच पुढे मोकळा सुटलेला असल्यामुळे समर्थकांनी धावफलक दाखवला आणि विरोधकांनी मोकळे मैदान. त्या हंगामात प्रत्येक पासामागे सरासरी ८.९ यार्ड मिळवून तुआ लीगमध्ये पहिला राहिला. हिलच्या वेगामुळे फेक लांब करावी लागते हेही खरे आणि त्याच वेगामुळे आखूड फेक सावरून घेतली जाते हेही खरे.

मग आकड्यांनी निवाडा का होत नाही? पास पूर्ण होण्याचे सरासरी प्रमाण हे जुने माप फसवे आहे, कारण ते फेक किती अवघड होती ते विचारत नाही: १९६७ मध्ये एका हंगामात ४,००० यार्डांचा टप्पा ओलांडणारा पहिला क्वार्टरबॅक जो नेमथ होता आणि त्याचे प्रमाण ५२.५ टक्के होते, तर २०१८ मध्ये ड्रू ब्रीसने ७४.४ टक्क्यांचा उच्चांक केला तो मुख्यतः आखूड पासांवर. मधल्या काळात नियमही बदलले. १९७८ पासून रेषेच्या पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का देणे बंद झाले आणि क्वार्टरबॅकपुढच्या भिंतीला हात पसरून अडवायची मुभा मिळाली, त्यामुळे आजच्या आणि तेव्हाच्या नेमाची तुलना करणे म्हणजे मातीच्या आणि मॅटवरच्या कुस्तीची तुलना करण्यासारखे आहे.

खरी अडचण संख्येची आहे. क्वार्टरबॅक सतरा सामन्यांच्या हंगामात साडेपाचशे पास टाकतो, त्यांतले लांब पास साधारण साठ, आणि त्यांपैकी शंभरी चाळीसच्या आसपास पूर्ण होतात. ज्याची खरी कुवत चाळीस टक्क्यांची आहे अशा खेळाडूचे साठांपैकी चोवीस पास पूर्ण व्हावेत; पण निव्वळ योगायोगाने वीसांपैकी एकोणीस हंगामांत हा आकडा सतरा ते एकतीस यांच्या दरम्यान कोठेही पडू शकतो, म्हणजे अठ्ठावीस ते बावन्न टक्के. तोच माणूस, तोच हात, एका वर्षी लीगच्या तळाशी आणि पुढच्या वर्षी अग्रभागी! जास्त हंगाम एकत्र करावेत तर तेवढ्यात प्रशिक्षक बदललेला असतो, रिसीव्हर बदललेला असतो, खुब्यावर शस्त्रक्रिया झालेली असते.

खेळाडूंच्या खांद्यांवरच्या पॅडांत आणि २०१७ पासून चेंडूतही बसवलेल्या चिपांमुळे आता प्रत्येक क्षणी कोण कोठे होता ते कळते. रिसीव्हर बचावपटूपासून किती दूर होता, क्वार्टरबॅकच्या अंगावर कोण आले होते हे मोजून एखादा पास पूर्ण होण्याची शक्यता आधी काढतात आणि खेळाडू त्यापेक्षा किती वर गेला ते पाहतात. दुसरीकडे, चित्रफीत पुन्हापुन्हा पाहून प्रत्येक फेकीला हाताने गुण देणाऱ्या संस्था आहेत. पहिल्या पद्धतीला चेंडू खांद्यावर आला की गुडघ्यावर हे फारसे दिसत नाही; दुसरीला ते दिसते, पण रिसीव्हरने कोठे असायला हवे होते ते माहीत नसते. अनेक डावांत रिसीव्हरला मुभा असते की सेफ्टी मागे असेल तर वीस यार्डांवर थांब, पुढे आला तर सरळ पळत राहा, आणि क्वार्टरबॅकने तेच वाचून चेंडू आधीच सोडलेला असतो. दोघांचे वाचन जुळले नाही तर चेंडू पंधरा यार्ड पुढे मोकळ्या गवतावर पडतो, प्रेक्षागृहातून शिट्ट्या येतात, आणि गुण देणारा आपल्या तक्त्यात ‘लांब गेली’ असे लिहितो. अशा वेळी कित्येक क्वार्टरबॅक रिसीव्हरकडे बघून आपल्याच छातीवर दोनदा हात ठेवतात, चूक माझी, या अर्थाने. चूक खरोखर कोणाची होती, ते त्या दोघांखेरीज त्यांच्या प्रशिक्षकालाच ठाऊक असते, आणि तो पत्रकारांना ते सांगत नाही.